मधल्या शिटावर

विमान मागं जातं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी सगळं सांगितलं होतं. माझा मामू मस्कतला एका गॅरेजात होता, त्यानंच मला तिकडं बोलावलं होतं. पट्टा कसा लावायचा, कानात दडे बसले की आवंढा गिळायचा, संडासाचं दार ढकलायचं की ओढायचं, हे सगळं त्यानं फोनवर समजावलं होतं. अम्मानं दंडाला इमाम जामिन बांधला होता. म्हणजे हिरव्या कापडात गुंडाळलेलं एक नाणं. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या रक्षणासाठी आमच्यात ते बांधतात, आणि सुखरूप पोचल्यावर ते एखाद्या गरिबाला द्यायचं असतं. आमच्या गावाहून, कामथडीहून, मला सोडायला टेम्पोभर माणसं मुंबईला आली होती. त्यातल्या एकानंही विमान आतून पाहिलेलं नव्हतं, पण सूचना प्रत्येकाकडं होती. "खिडकीतनं हात भाईर काढू नगंस," असं माझ्या चुलत्यांनी बजावलं, आणि कुणीच हसलं नाही.

तर दार लागलं, आणि विमान मागं सरकायला लागलं. मला खिडकीची जागा मिळाली होती. मी मान वळवून मागं बघितलं. नुसता पंख दिसत होता आणि त्याच्या पलीकडं उभी असलेली एक पिवळी गाडी. माझा हात आपोआप उठला. खिडकीच्या वरच्या प्लॅस्टिकवर मी हलक्या थापा मारायला लागलो. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." पिवळी गाडी जवळ आल्यासारखी वाटली तशी एक जोरात थाप मारली. "बास!"

आणि विमान थांबलं.

खरंच थांबलं. आता कळतं की ते तिथंच थांबायचं असतं, तिथून पुढं ते आपल्या जोरावर निघतं. पण त्या क्षणी मला वाटलं, झालं, आपलं काम चोख झालं. शेजारी रत्नागिरीकडचे एक गृहस्थ बसले होते, बरीच वर्षं ये-जा करणारे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या प्लॅस्टिककडं बघितलं.

"काय हो, एस.टी.त कंडक्टर होतात की काय?"

"न्हाई," मी म्हटलं. "वडापच्या जीपवर व्हतो."

ते इतके हसले की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मीही हसलो. हसता हसताच माझ्या ध्यानात आलं की इथं माझी थाप कुणालाच ऐकू गेलेली नाही. आणि माझ्या पोटात काहीतरी एकदम खाली गेलं. ते काय होतं, हे शोधण्यात माझी पुढची दोन-तीन वर्षं गेली. अजूनही पुरतं सापडलंय असं म्हणवत नाही.

सातवीनंतर मी शाळेत गेलो नाही. अब्बा आजारी, घरात मोठा मी. नसरापूरहून वेल्ह्याला माणसं नेणारी एक वडापची जीप होती, तिच्यावर मला क्लिनर म्हणून लावलं. जीपचा मालक तोच ड्रायव्हर. विंझरचे होते. मी त्यांना मालकच म्हणायचो, अजूनही म्हणतो.

क्लिनरचं काम असं असतं: मागच्या पायरीवर उभं राहायचं, एका हातानं टपाची सळई धरायची आणि दुसऱ्या हातानं पत्रा वाजवायचा. एक थाप म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. गाडी मागं घ्यायची असली की सारख्या हलक्या थापा, आणि जागा संपली की एक जोरात. आत पंधरा-सोळा माणसं कोंबलेली, टपावर भाताची पोती, कोंबड्यांची डालगी. मालकांच्या आरशात मागचा रस्ता कधी दिसलाच नाही, दिसायची ती लोंबणारी पोती. वेल्ह्याच्या पुढं पासलीकडच्या चढाला समोरून एस.टी. आली की आम्हालाच मागं जावं लागायचं, आणि एका अंगाला दरी. तेव्हा मालक मान वळवायचेसुद्धा नाहीत. माझ्या थापेवर जीप घ्यायचे. "तुझा हात म्हंजी माझं डोळं," म्हणायचे. मी चौदा वर्षांचा होतो आणि मला एकदाही भीती वाटली नाही. एक पाय हवेत, खाली दरी, आणि मी मागच्या दगडाकडं बघतोय. उलट तेवढ्यापुरतं मला बरं वाटायचं.

मग विमानात काय झालं?

विमान उडालं आणि मी पंखावर नजर लावून बसलो. पंखाचं टोक थरथरत होतं. मला वाटलं, मी बघतोय तोवर ते ठीक आहे. मी डोळे मिटले तर ते निखळेल. हे वेडेपणाचं आहे हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणजे मी अगदीच अडाणी नव्हतो, पण कळून उपयोग होत नव्हता. जेवण आलं, मी ताटाकडं बघितलं नाही. मध्येच विमान हादरलं तेव्हा रत्नागिरीच्या त्या गृहस्थांनी माझा हात धरला, की मी त्यांचा धरला, आठवत नाही. उतरलो तेव्हा मान आखडली होती, आणि दिवसभर पोती उचलल्यासारखं अंग दुखत होतं. ते विमान मीच मस्कतपर्यंत वाहून नेल्यासारखं.

मामूला काही बोललो नाही. पोचल्यावर अम्माचं नाणं द्यायला गरीब माणूस शोधला. सापडेना. त्या खोलीत सगळ्यांत गरीब मीच होतो. शेवटी मामूनं ते मशिदीच्या पेटीत टाकायला लावलं.

मस्कतला मी सुखात होतो, हे सांगितलं पाहिजे. गॅरेजात ठोकर बसलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचं काम शिकलो. हात चांगला बसला. लोक मला मिस्त्री म्हणायला लागले. सातवी शिकलेल्या पोराला याहून काय हवं? मामूनं माझ्यासाठी शेठला शब्द दिला होता, आणि तो शब्द मी राखतोय याचा मला अभिमान होता. फक्त आकाशातून विमानाचा आवाज आला की माझ्या हातातली हातोडी थांबायची.

दोन वर्षांनी सुट्टी मिळाली. येताना विमानात ते आणखी वाढलं. मुंबईवर ढग होते, इतके दाट की पंखसुद्धा दिसेना. आता बघायलाच काही नाही म्हटल्यावर मी काय करणार? विमान खाली खाली आलं, चाकं बाहेर पडल्याचा आवाज झाला, आणि एकदम परत वर गेलं. कुणीतरी म्हणालं, खाली रस्ता मोकळा नसेल. कुणीतरी रडायला लागलं. दुसऱ्या खेपेला टेकलं. मी बाहेर आलो, अम्मा गळ्यात पडली, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी मनात म्हटलं: पुन्हा नाही.

पण सुट्टी दोनच महिन्यांची होती. ठरलेल्या तारखेला गॅरेजात हजर झालो नाही तर व्हिसा रद्द, मग पुन्हा कोण बोलावणार? मामूचं तोंड काळं. आणि खरं म्हणजे मला परत जायचंच होतं. हीच तर अडचण. न जाण्याचं एकही कारण माझ्यापाशी नव्हतं, तरी तिकीट कपाटात दिसलं की माझे तळवे ओले व्हायचे.

अम्माच्या नजरेतून काही सुटत नाही. जेवताना म्हणाली, "शेठ मारतो का रं तुला?"

"न्हाई गं."

"मग तिकडं कुणी पोरगी हाय?"

"गॅरेजात पोरगी कुठनं येणार अम्मा?"

"मग दृष्ट लागली," ती म्हणाली, आणि मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट होती हे पक्कं झालं. दुसऱ्या दिवशी तिकीट बघितलं. तळवे ओलेच.

मला वाटलं, उंचीची भीती असेल. सगळे तेच म्हणतात ना. म्हणून एकटाच वेल्ह्याला जाऊन तोरण्यावर चढलो. तटावर अगदी कडेला उभा राहिलो, खाली बघितलं. काही नाही. वारा छान होता. बसून भाकरी खाल्ली. खाली उतरताना मी जास्तच गोंधळलो, कारण ज्या गोष्टीची भीती वाटायला हवी तिची वाटत नव्हती.

मग भोरला डॉक्टरांकडं गेलो. शांत, म्हातारे गृहस्थ. रक्तदाब बघितला, छाती तपासली.

"उंचीची भीती वाटते का?"

"न्हाई. परवाच तोरण्यावर जाऊन आलो."

"बंद खोलीत गुदमरतं?"

"तिकडं आमी सहाजण एका खोलीत झोपतो साहेब, बिनखिडकीच्या."

"मग पाण्याची? विमान समुद्रावरून जातं."

"पवायला येतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला भीती वाटते तरी कशाची?"

"त्येच इचारायला आलोय."

ते हसले. एक गोळी लिहून दिली, निघायच्या आधी घ्यायला. आणि म्हणाले, "एक करा. ही धडधड जमिनीवर कुठं होते का, तेवढं बघा. जिथं होईल तिथं शोधायला सोपं." त्यांनी पैसे घेतले नाहीत असं काही झालं नाही, घेतले, पण त्या एका वाक्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

जमिनीवर धडधड शोधायची म्हणजे काय करायचं हे मात्र मला कळेना. मी आपला नसरापूरला चेलाडी फाट्यावर जाऊन उभा राहिलो, जुन्या ठिकाणी. स्टँडवरचे ड्रायव्हर ओळखीचेच.

"या दुबईवाले! कवा निघालाय?"

"दुबई न्हाई, मस्कत."

"त्येच त्ये. वाळू तीच की."

"आरं, हा आता आपल्या जीपला हात लावंल का? ह्याला आता बाया चहा आणून देत्यात वर आभाळात!"

मालकांची जीप भरत आली होती. माझ्यानंतर त्यांनी क्लिनर ठेवला नव्हता. मागं जो कुणी उभा असेल तोच पत्रा वाजवायचा. मी म्हटलं, मालक, वेल्ह्यापर्यंत येतो, आणि सवयीनं पायरीवर पाय ठेवला.

"खाली उतर," मालक ओरडले. "विमानानं आल्याला माणूस, मागं लटकतोस व्हय? लोक मला काय म्हणतील? आत बस."

आत म्हणजे मागच्या आडव्या बाकावर, मधोमध. एका बाजूला मार्गासनीच्या शाळेतले गुरुजी, दुसऱ्या बाजूला मांडीवर डालगं घेतलेली एक म्हातारी. मी क्लिनर होतो तेव्हापासून ही म्हातारी मला ओळखत होती. दर बाजाराला आमच्याच जीपनं जायची. समोरच्या बाकावर तितकीच माणसं. माणसांच्या पाठींनी काच झाकलेली. रस्ता दिसत नव्हता, मालकांचं डोकंसुद्धा दिसत नव्हतं.

जीप निघाली. सुरुवातीला मी कानानंच रस्ता ओळखायला लागलो. आता पूल. आता ते वळण. आता चढ. मग एका ठिकाणी मला वाटलं सरळ रस्ता आहे आणि जीप एकदम डावीकडं कलली. माझा अंदाज चुकला होता. त्याच क्षणी ते पोटातलं खाली गेलं, तळवे भिजले, कानात ढोल वाजायला लागले. हुबेहूब तेच. मी वरच्या पत्र्यावर जोरात थाप मारली.

"मालक, थांबवा!"

जीप थांबली. मी माणसांच्या पायांवर पाय देत खाली उतरलो आणि रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. आतून म्हातारीनं हाक मारली, "उलटी व्हतीया का रं? लिंबू हाय माज्यापाशी."

मालक उतरून आले. "काय झालं?"

डॉक्टर सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्या मोरीवर मालकांना सगळं सांगितलं. गाडीतली माणसं कान देऊन ऐकत होती. घाई कुणालाच नव्हती. मालकांच्या चेहऱ्यावर आधी काळजी होती, मग तिची जागा रागानं घेतली.

"म्हंजी जी भीती विमानात वाटती, तीच माझ्या जीपमदी वाटली?"

"व्हय."

"वीस वरसं झाली मला. एक कोंबडी मारली न्हाई गाडीखाली. आन तुला माझी भीती वाटती?"

"तुमची न्हाई मालक."

"मग कुणाची?"

मालकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मागं लटकायचास तवा असं कदी झालं?"

"न्हाई. कदीच न्हाई."

"आरं, त्यो बसलाय कवा?" म्हातारी आतून म्हणाली. "इतकी वरसं म्या त्याला ह्या गाडीत बसल्याला बगितलाच न्हाई. आज पयल्यांदा बगितला, तर घामानं भिजला."

मग मालक हळूच म्हणाले, "म्हंजी तुला विमानाची न्हाई, शिटाची भीती हाय." आणि सगळी जीप हसली. गुरुजीसुद्धा. मीही हसलो, पण मला ते पूर्ण पटलं नव्हतं. शिटाची कुणाला भीती वाटते? शीट काय करतं?

मालकांना मात्र पटलं होतं. त्यांनी फर्मान काढलं: रोज यायचं, मधल्या शिटावर बसायचं, वेल्ह्याला जायचं, परत यायचं. कुठं आलो हे विचारायचं नाही. खिडकीतून डोकवायचं नाही. पत्रा वाजवायचा नाही. "भाडं घेणार न्हाई, पर एका माणसाची जागा अडवतोस, तवा फाट्यावर माणसं भरायला वरड."

मी रोज जायला लागलो. पहिल्या खेपांना मार्गासनीच्या पुढं टिकलो नाही. उतरायचो आणि परत येताना मालक मला तिथून उचलायचे, एखादं विसरलेलं गाठोडं उचलावं तसे. माझ्या मांडीवर लोक पोरं ठेवायचे, पिशव्या ठेवायचे. कुणीतरी विचारायचं, "बरं वाटतंय का आज?" अर्ध्या वेल्ह्याला माझा आजार माहीत झाला होता, कामथडीत मात्र अम्माला पत्ता नव्हता. ती समजायची, पोरगा जुन्या मित्रांना भेटायला जातोय.

एकदा वेल्ह्यात जीप रिकामी झाल्यावर चहाच्या टपरीवर मालक म्हणाले, "ती डालगंवाली म्हातारी हाय ना, तू मागं लटकायचास तवा ती आत झोपायची. पार घोरायची."

"व्हय."

"तुला तिनं कवा इचारलं का, पोरा, सळई घट धरलीय ना म्हणून?"

"न्हाई."

"बग मग. ती तुझ्या जिवावर झोपायची. तू कुणाच्या तरी जिवावर बस."

मालकांना वाटलं, आता माझ्या डोक्यात उजेड पडेल. पण मला उलटीच धडकी भरली. कारण त्या म्हातारीनं मला विचारलं असतं, तर खरं उत्तर काय होतं? उन्हाळ्यात कितीदा तरी मी सळई धरून उभ्या उभ्या डुलक्या घेतल्या होत्या. म्हणजे तिचं झोपणं बरोबर होतं की चुकीचं? ती एकदाही दरीत गेली नाही, म्हणजे बरोबरच म्हणायचं. पण का बरोबर? मी त्या रात्री याच्यावर फार विचार केला आणि विचार केल्यानं काहीही झालं नाही.

झालं ते वेगळ्याच वेळी. एके दिवशी गुरुजी मला भाताच्या नव्या बियाण्याबद्दल सांगत होते, म्हणजे तक्रार करत होते, आणि मी त्यांना मस्कतला भात कसला मिळतो ते सांगत होतो. बोलता बोलता माणसं उतरायला लागली. मी म्हटलं, काय झालं, का थांबली? तर वेल्हं आलं होतं. मधली वळणं कुठं गेली मला कळलं नाही. मी इतका हरखलो की मालकांना सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी परत घाम, परत ढोल, परत मोरी. असं चाललं होतं. एक दिवस बरा, दोन वाईट, मग तीन बरे, मग काहीच कारण नसताना एक फार वाईट.

मालकांचा धीर सुटत चालला. तारीख जवळ येत होती. एक दिवस ते म्हणाले, "तुला बसायचंच कळत न्हाई. अंग सैल सोडायचं असतं. थांब, म्या दावतो." स्टँडवरच्या दुसऱ्या ड्रायव्हरला त्यांनी चावी दिली आणि स्वतः येऊन माझ्या शेजारी मधल्या शिटावर बसले. हात मांडीवर, मान मागं. "असं."

जीप निघाली. नसरापूरची शेवटची दुकानं मागं पडायच्या आत मालकांचा उजवा पाय फळीवर दाबला गेला. मग परत. मग परत. मान ताठ झाली. "गिअर... गिअर टाक की," ते पुटपुटले. पुढं एका बैलगाडीला ओलांडताना ते जागेवरून उठलेच.

"आरं, बिरेक मार! बिरेक! मुडद्या, कुणी शिकवली तुला गाडी?"

"मालक, अंग सैल सोडा," मी म्हटलं.

"गप ऱ्हा!"

बनेश्वर मागं पडत नाही तोवर त्यांनी जीप थांबवून चावी परत घेतली. कपाळावरून घाम गळत होता. समोरच्या बाकावरची म्हातारी, तीच डालगंवाली, पोट धरून हसत होती. "ह्यो तर तुज्यापरास भित्रा निघाला की रं!"

वेल्ह्यापर्यंत मालकांनीच जीप चालवली. टपरीवर चहा घेताना म्हणाले, "म्या वीस वरसं कुणाच्या मागं बसलो न्हाई. एस.टी.त बी डायवरजवळ हुबा ऱ्हातो. मला वाटायचं, मला हुबं ऱ्हायला आवडतं."

"मग आता?"

"आता काय. मला म्हाईत न्हाई."

शिकवणाऱ्यालाच येत नव्हतं. पण मला विचित्र असं बरं वाटलं. मालक, ज्यांच्या हातात मी माझं सगळं पोरपण दिलं होतं, त्यांनाही हेच होतं. म्हणजे माझ्यात काही मोडलेलं नव्हतं? की दोघांतही तेच मोडलेलं होतं?

निघायचा दिवस आला. या वेळी टेम्पो नव्हता; चुलत्यांनी भाड्यानं एक गाडी आणली होती, पुण्याच्या पोरसवदा ड्रायव्हरसकट. तो एका हातानं गाडी चालवायचा आणि दुसऱ्यानं कॅसेट बदलायचा. अम्मा पुढं बसली. आम्ही निघणार, एवढ्यात मालक आले. पांढरे धुतलेले कपडे, नवी टोपी, हातात पिशवी. कुणी बोलावलं नव्हतं.

"म्या बी येतो मुंबैला," ते म्हणाले, आणि मागचं दार उघडून मला सरकवून मधोमध बसले. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला चुलते.

"मालक, हितं नगा. खिडकीपाशी बसा, न्हाईतर फुडं अम्माच्या जागी बसा."

"हितंच," ते म्हणाले.

अम्माला आणि चुलत्यांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला मुंबई बघायची हौस आहे. पण मला कळत होतं, कारण माझा गुडघा त्यांच्या हातात होता. पुण्यापर्यंत त्यांनी तो नुसता धरला होता. खंडाळ्याच्या घाटात तो असा दाबला की मला ओरडावंसं वाटलं. तो पोरगा वळणावर ट्रकला ओलांडत होता, गाणं गुणगुणत होता. मालकांचे डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते, उजवा पाय फळीत रुतलेला. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी ड्रायव्हरला एक शब्दही सुनावला नाही. घाटात एकदाही "बिरेक" म्हणाले नाहीत. आणि मी त्यांच्याकडंच बघत राहिलो, त्यामुळं घाट कधी उतरला ते मला समजलं नाही.

विमानतळावर उतरल्यावर ते गाडीला टेकून उभे राहिले. अम्मा रडत होती, माझ्या दंडाला पुन्हा नाणं बांधत होती, चुलते सूचना देत होते. मालकांनी मला बाजूला घेतलं.

"म्या हितवर आलो," ते म्हणाले. "बसून आलो. आता फुडं तू जा."

मी त्यांचा हात हातात घेतला. ओला होता. आजही, मस्कतला खोलीत बसून हे लिहिताना, मी स्वतःला एकच विचारतो. ज्यांना मी काहीच लागत नव्हतो, त्या माणसानं माझ्यासाठी मधल्या शिटावर बसून घाट उतरला. याला काय म्हणतात?

विमानतळात जागा देणाऱ्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, कुठली जागा देऊ? मी म्हटलं, मधली. तिला वाटलं मी चुकून बोललो, म्हणून तिनं दोनदा विचारलं.

डॉक्टरांची गोळी मी घेतली होती, हे लपवत नाही. त्यामुळं पुढं जे झालं ते गोळीनं झालं, मालकांमुळं झालं, की वेल्ह्याच्या त्या सगळ्या खेपांनी झालं, हे मला ठरवता आलेलं नाही. विमान मागं सरकलं तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. विमान उडालं. खिडकीशी बसलेल्या माणसानं पडदा खाली ओढला आणि झोपून गेला. मला पंख दिसेना. मी भीतीची वाट बघत बसलो. ती आली. पोटातलं खाली गेलं, तळवे भिजले, सगळं वेळेवर. मी मोरी शोधली नाही, शोधून मिळणारही नव्हती. भीती थोडा वेळ माझ्याजवळ बसली, आणि मग तिला काहीच करता येईना, तसं मलाही काही करता येईना. आम्ही दोघं तसेच अडकून बसलो. मला एक क्षण हसू आलं. मग परत विमान हादरलं आणि हसू गेलं.

तेवढ्यात विमानातली चहावाली बाई किटली घेऊन आली. कप अर्धा भरला, माझ्या पुढ्यातल्या फळीवर ठेवला. विमान थरथरत होतं आणि चहा कपात कडेकडेनं फिरत होता, आता सांडतोय की मग. मी तो उचलला आणि सांडायच्या आत दोन घोटांत पिऊन टाकला. जीभ भाजली. बाई पुढच्या रांगेकडं निघाली होती. मी हात वर केला आणि अजून थोडा मिळेल का, म्हणून विचारलं.

तिनं कप परत भरला. तो मी सावकाश प्यायलो.